डोंगरावरून अर्धा तास

नकाशात मोझेल अशी दिसते,
जशी दौत लवंडून कुणी बोटानं
ओघळ वळवत नेलाय:
डावीकडे, उजवीकडे, मग जवळजवळ मागे.
सकाळी ज्या गावातून निघावं
त्याचंच चर्च दुपारी
खिंडीतून मान वर काढतं.

माझ्या सपाट देशात चढ म्हणजे फक्त पूल.
इथं द्राक्षं डोंगरावर चढलीत, उभ्या चढानं,
मुळं काळ्या दगडात; शाळेतल्या पाटीचाच हा दगड,
पावसानंतर पुसल्यासारखा चमकतो.
वाट मात्र नदीकाठानं सपाट.
चढउताराचं काम नदीनं आधीच उरकून ठेवलंय,
आपण फक्त पाय फिरवायचे.

क्रेटेनबाखच्या पहिल्याच घरापाशी चाक बसलं.
घराच्या कोपऱ्यावर पुराच्या रेघा, सालासकट,
सगळ्यात वरची माझ्या हेल्मेटच्या हातभर वर.
दारावर हिरव्या फांद्यांची जुडी,
म्हणजे आत घरची वाइन मिळते.
इर्मट्राउटनं न विचारता बादली आणली,
ट्यूब पाण्यात धरली, बुडबुड्यावर बोट ठेवलं:
"इथं."
लपलेलं पोर सापडावं तशी.

पैसे घेतले नाहीत. बाटली आणली,
लेबल नाही, खडूनं साल लिहिलेलं.
"पाण्याच्या दिशेनं चाललीस ना?
ओबरलायच्या तरीवर माझा भाऊ असतो. गेरवीन.
रस्त्यानं चोवीस किलोमीटर."
आणि मग, बादली उपडी करत,
"डोंगरावरून अर्धा तास."

मग तुम्हीच का नाही,
हे मी ओठांपर्यंत आणलं.
ती जमिनीवरचं पाणी खराट्यानं लोटत होती,
जिथं पाणी नव्हतं तिथलंही.

चोवीस किलोमीटर बाटली
तंबूच्या खुंट्यांशी कुणकुणत राहिली.
लॉकमध्ये खडीचा एक पडाव
लिफ्टमधल्या माणसासारखा गप्प वर येत होता.
वरच्या ओळींतून रुमानियन मुली
पाठीवर करंड्या घेऊन उतरत होत्या,
एकीनं कात्रीच हलवली मला.
मी मनात वाटण्या करत होते:
वडील गेले असतील, चढ दोघांत चिरला असेल,
ऊन कुणाकडे गेलं, सावली कुणाकडे.
भाऊबंदकीला जर्मनमध्ये काय म्हणतात
मला माहीत नाही. लागलंही नाही.

गेरवीननं बाटली उजेडात धरली,
बूच हुंगलं, उघडलं नाही.
"वरची भिंत उभी आहे?"
मी नदीवरून आले होते,
भिंत कुठली आणि वर म्हणजे कुठं!
"आहे," म्हणाले.
त्यानं मान डोलवली, फार वेळ.
मग तरीच्या बाकाखालून एक रिकामी बाटली काढली,
धुतलेली, गेल्या वर्षाचा खडू तसाच जपलेला.
"वर जाणारं कुणी भेटलं की पाठवतो.
सायकलवाले दोन्हीकडून येतात. अकरा वर्षं येतायत."
पलीकडे फुकट सोडतो म्हणाला.
मी त्याच काठाला तंबू ठोकला.

रात्रभर ती "आहे" कुशीखालच्या खड्यासारखी टोचली.
सकाळी सायकल अक्रोडाला बांधून चढले.
अर्धा तास खरा नव्हे, माझ्या पायांना पाऊण लागला.
माथ्यावर दोन्ही गावं दिसतात,
इकडे तरीची तार, तिकडे हिरवी जुडी,
आणि मधली भिंत
दोन हात रुंदीनं ढासळलेली.
या बाजूनं कुणी दगड रचून ठेवलेले, लहानमोठे निवडून.
त्या बाजूनंही. निवडण्याची पद्धत तीच.
मधे एक माणूस जाईल एवढी फट,
तिथलं गवत मात्र कुणी तुडवलेलं नव्हतं.

मी गवंडी नाही.
तरी खोटं थोडं खरं करावं म्हणून
तीन दगड लावले.
दोन बसले.
तिसरा घरंगळत गेला,
कुणाच्या हद्दीत, ते मी सांगणार नाही.